गेन वाढवायच्या आधी काच पुसा

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये तपासणीसाठी मी बसवलेल्या कॅमेऱ्यानं एका रात्रीत एकही जॉब, म्हणजे तयार होणारा भाग, नापास केला नाही. मालक खूश होते. सकाळी सातला फोन करून म्हणाले, "ताई, मशीन एकदम सेट झालंय बघा, रिजेक्शन शून्य." मी मात्र तो फोन ऐकूनच घाबरले. बिडाच्या कास्टिंगचा फेस मारला, म्हणजे वरचा पृष्ठभाग मशीनवर सपाट केला, की शेकड्यात दोन-चार ब्लोहोल (ओतताना आत अडकलेल्या वायूची भोकं) उघडे पडतातच. एका रात्रीत फाउंड्री सुधारत नसते.

जाऊन बघितलं, तर रात्रपाळीच्या पोरानं ब्राइटनेसचा आकडा वाढवून ठेवला होता. "लई अंधारं दिसत हुतं ताई, म्हणून जरा उजेड केला." त्याच्यावर काय चिडायचं? त्या खटक्याचं नावच ब्राइटनेस आहे, कुणीही उजेडच समजणार. नावात उजेड असला तरी तो खटका उजेड वाढवत नाही, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी आम्ही चौघांनी मिळून रात्रीचा सगळा माल भिंगाखाली परत बघितला. भिंगाशी माझी जुनी ओळख आहे. कॅमेऱ्यांकडे वळायच्या आधी आठ वर्षं मी इन्स्पेक्शनच्या टेबलावर काढलीत.

कॅमेरा बसवणारा माणूस निघून गेल्यावर ज्याच्या गळ्यात ते यंत्र पडतं, त्याच्यासाठी हे लिहितेय.

आधी ती रात्र आकड्यांत बघू. आपला कॅमेरा ८ बिटचं चित्र देतो, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा आकडा ० ते २५५ मध्ये असतो. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराफेक. त्या जॉबचा मशीन केलेला फेस ११० च्या आसपास यायचा आणि ब्लोहोल ३० च्या आसपास. सॉफ्टवेअरला सांगितलं होतं, ७० च्या खाली जे दिसेल ते भोक समज. पोरानं ब्राइटनेस ६० नं वाढवला. फेस झाला १७०, चित्र छान उजळ दिसायला लागलं. पण भोकही ३० वरून ९० वर गेलं. ७० च्या खाली काहीच उरलं नाही, मग नापास काय होणार? फेस आणि भोक यांच्यातला फरक आधी ८० होता आणि नंतरही ८०च. ब्राइटनेस एवढंच करतो. सगळ्या पिक्सेलांना सरसकट उचलून वर ठेवतो, कुणात भेद करत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याचं खरं नाव ब्लॅक लेव्हल असतं, काहींत ऑफसेट.

त्यानं ब्राइटनेसऐवजी गेन ६ डीबीनं वाढवला असता तर? डीबी म्हणजे डेसिबल, ६ डीबी म्हणजे दुप्पट. फेस २२०, भोक ६०, फरक १६०. कागदावर हे फारच भारी दिसतं. पण गेन हा गणपतीतल्या मंडळाच्या स्पीकरसारखा आहे. आवाज वाढवला की गाणं मोठं होतं आणि मागची खरखरही तेवढीच मोठी होते. गाणाऱ्याचा गळा काही सुधारत नाही. सेन्सरवर जेवढा उजेड पडला तेवढाच पडलेला असतो, गेन फक्त त्याच्या सिग्नलला गुणतो आणि सोबतच्या नॉइजलाही. म्हणून गेन वाईट आहे असं नाही. पण तो शेवटचा उपाय आहे आणि लोक सुरुवात त्याच्यापासून करतात, कारण तो खुर्चीत बसून माउसनं करता येतो. लाइट हलवायला उठावं लागतं.

उजेड कमी पडला की नेमकं काय बिघडतं, तेही बघून घ्या. सेन्सरच्या एका पिक्सेलमध्ये उजेडामुळे इलेक्ट्रॉन साठतात. औद्योगिक कॅमेऱ्यात पिक्सेल काठोकाठ भरला की साधारण १०,००० इलेक्ट्रॉन, असं धरून चालू. उजेडाचा स्वभावच असा, की जेवढे इलेक्ट्रॉन मोजले त्याच्या वर्गमुळाएवढा चढउतार त्यात असतोच. १०,००० चं वर्गमूळ १००, म्हणजे नॉइज शंभरात एक. आता उजेड चौथ्या हिश्शावर आला आणि तुम्ही १२ डीबी गेन देऊन चित्र परत तेवढंच उजळ केलं. स्क्रीनवर दोन्ही चित्रं सारखीच दिसतील. पण इलेक्ट्रॉन आता २,५००, त्यांचं वर्गमूळ ५०, म्हणजे पन्नासात एक. २४ डीबीला गेलात तर इलेक्ट्रॉन ६२५, नॉइज पंचविसात एक. ही खरखर फेसवर मिरपूड भुरभुरावी तशी दिसते आणि सॉफ्टवेअरला त्यातला एखादा काळा ठिपका ब्लोहोल वाटतो. मग चांगला जॉब नापास होतो आणि ऑपरेटर म्हणतो, "हे मशीन येडं हाय."

आता कामाला लागू. क्रम महत्त्वाचा आहे, मधलं काही गाळू नका.

सगळ्यात आधी कॅमेरा चालू करून अर्धा तास तसाच ठेवा. अंग तापलं की त्याचे काळे आकडे थोडे हलतात. थंड कॅमेऱ्यावर केलेलं सेटिंग दुपारी जुळत नाही, एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली तर नाहीच. तोवर सॉफ्टवेअरमध्ये जाऊन ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो गेन बंद करा (एक्स्पोजर म्हणजे एका चित्रासाठी सेन्सर किती वेळ उजेड गोळा करतो ते), गामा, म्हणजे मधल्या छटा वर-खाली करणारा खटका, १ वर ठेवा. ऑटो गेन तपासणीच्या कामात वैऱ्यासारखा वागतो. काळा जॉब आला की तो उजळतो, चमकदार आला की दाबतो, म्हणजे तुम्हाला जो फरक मोजायचाय तोच पुसून टाकतो.

मग काच पुसा. खरंच सांगतेय. मला येणाऱ्या फोनांत "चित्र हळूहळू काळं पडत चाललंय, गेन किती वाढवू?" असं विचारणारे जास्त आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी लेन्सच्या पुढच्या संरक्षक काचेवर कूलंटची साय धरलेली असते. गोकुळ शिरगावातल्या एका ठिकाणी चार महिन्यांत गेन ० वरून ११ डीबीपर्यंत चढला होता. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी थोडा थोडा वाढवत होतं. काच पुसली आणि चित्र एकदम पांढरं पडलं. पुसायला मऊ मायक्रोफायबर कापड घ्या. मशीनवरची कॉटन वेस्ट वापरू नका, तिच्यात बिडाचा बारीक चुरा असतो आणि काचेवर ओरखडे पडतात.

तिसरी गोष्ट बाहेरचा उजेड. लेन्सभोवतीचा गोल रिंगलाइट बंद करा आणि ज्या एक्स्पोजरला काम चालणार आहे त्याच एक्स्पोजरला चित्र बघा. ते पूर्ण काळं दिसायला हवं. जॉबची आकृती जराही दिसली, तर शेडमधला उजेड आत येतोय. अंबाबाईच्या देवळात ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात. कागलच्या एका शॉपमध्ये हा किरणोत्सव पश्चिमेच्या शटरमधून रोज संध्याकाळी पाऊण तास चालायचा आणि तेवढ्या वेळातले सगळे जॉब नापास. लोक सॉफ्टवेअरमध्ये कारण शोधत बसले होते. आम्ही वेल्डिंगच्या पडद्याचं काळं कापड तिन्ही बाजूंनी लावलं आणि प्रश्न मिटला.

शेडमधल्या दिव्यांचं वेगळंच दुखणं असतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्तातले एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याचं एक्स्पोजर १० मिलिसेकंदांपेक्षा बरंच कमी असेल तर एक चित्र तेजात येतं आणि पुढचं मंदात. आकडे उगाच नाचत असतील तर आधी वरचा दिवा बंद करून बघा. गेनला हात नको.

आता एक्स्पोजर. तो किती ठेवायचा हे उजेडावर ठरवू नका, जॉबच्या वेगावर ठरवा. आमच्या त्या मशीनचं उदाहरण घेते. कॅमेरा १२० मि.मी. रुंदीचं चित्र २,४४८ पिक्सेलांत घेतो, म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.०५ मि.मी. कन्व्हेयर मिनिटाला ६ मीटर, म्हणजे सेकंदाला १०० मि.मी. जॉब चालता-चालता चित्र घ्यायचं आणि धूसरपणा एका पिक्सेलच्या आत ठेवायचा, तर ०.०५ भागिले १००, म्हणजे ५०० मायक्रोसेकंद. याच्या वर जायचं नाही. ५ मिलिसेकंद ठेवलात तर १० पिक्सेलांचा फराटा येतो, अर्ध्या मि.मी.चं ब्लोहोल त्यात पुसट होऊन हरवतं. जॉब फिक्स्चरमध्ये थांबून फोटो निघत असेल तर हे बंधन नाही, एक्स्पोजर खुशाल वाढवा. उजेड मिळवायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

गेन अगदी खाली, शून्यावर ठेवा. चांगला जॉब समोर ठेवून, एक्स्पोजर त्या मर्यादेत धरून, फेसचा आकडा लाइट आणि अॅपर्चरनं (लेन्समधला उजेड आत सोडणारा, लहान-मोठा होणारा झरोका) वर आणा. मी साधारण १७० ते १९० च्या मधे थांबते. वर जागा ठेवावी लागते, कारण एखादा जॉब टूल नवा असताना जास्त चमकतो. कुठलाही पिक्सेल २५५ ला टेकला की तिथली माहिती गेली, नंतर गेन कमी-जास्त करून ती परत येत नाही. अॅपर्चर एफ ५.६ वरून एफ ४ वर आणलं की उजेड दुप्पट होतो, म्हणजे ६ डीबी गेनचं काम नॉइज न वाढवता झालं. फक्त फोकसची खोली कमी होते, तेव्हा जॉबच्या उंचीत फरक पडत असेल तर जपून. आणि लेन्सचे दोन्ही स्क्रू, फोकसचा आणि अॅपर्चरचा, आवळायला विसरू नका. शेजारी फेटलिंगचा, म्हणजे कास्टिंगचे कंगोरे घासायचा, ग्राइंडर चालू असेल तर ढिली रिंग आठवड्याभरात आपोआप फिरते.

फेसवर टूलमार्क आरशासारखे चमकून २५५ ला जात असतील आणि बाकीचा फेस काळाच राहत असेल, तर कुठलाच आकडा कामाला येणार नाही. लाइटचा कोन बदला. रिंग वर-खाली करून बघा, नाहीतर सगळीकडून मऊ उजेड टाकणारा घुमटासारखा डोम लाइट लावा. मी एकदा या भानगडीत गेन आणि ब्राइटनेसशी खेळण्यात अख्खा दिवस घालवला होता. संध्याकाळी तिथल्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी लाइटपुढे साधा ट्रेसिंग पेपर धरला आणि चित्र बसलं.

आता ब्राइटनेस, म्हणजे ब्लॅक लेव्हल. आधी तुमच्या सॉफ्टवेअरमधला ब्राइटनेस नेमका कोणता आहे ते ओळखा, कारण या एका नावाखाली तीन वेगळे खटके खपतात. लेन्सला टोपी घाला, हिस्टोग्राम (कोणत्या आकड्याचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख, डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे) उघडा आणि आकडा वाढवा. हिस्टोग्रामचा ढीग उजवीकडे सरकला, तर ती ब्लॅक लेव्हल. हिस्टोग्राम जागचा हलला नाही पण स्क्रीनवरचं चित्र मात्र उजळ झालं, तर तो फक्त दाखवण्यापुरता खटका, सेव्ह होणाऱ्या चित्रावर त्याचा परिणाम नाही. काहीच झालं नाही, तर बहुतेक तो ऑटो एक्स्पोजरला दिलेला लक्ष्याचा आकडा आहे आणि ऑटो बंद केल्यामुळे तो झोपलाय.

ब्लॅक लेव्हल लागतेच कशाला, शून्यावर का नको? गुळाच्या मार्केटातला काटा डोळ्यासमोर आणा. रिकाम्या काट्याची सुई वाऱ्यानं थोडी मागेपुढे हलते. समजा शून्याच्या जागी कुणी खिळा मारलाय, सुई त्याच्या खाली जाऊच शकत नाही. मग मागे जाणारं हलणं खिळ्यावर आपटून नाहीसं होणार, फक्त पुढे जाणारं दिसणार आणि तुमचं रिकामं वजन दर वेळी चुकणार. म्हणून शहाणा माणूस सुई मुद्दाम खिळ्याच्या थोडी पुढे बसवतो आणि तेवढं वजन नंतर वजा करतो. सेन्सरचं तसंच आहे. पूर्ण अंधारातही पिक्सेलचे आकडे थोडे खाली-वर होतात. ब्लॅक लेव्हल शून्य ठेवली तर खालची अर्धी हालचाल कापली जाते, काळ्या भागातले बारकावे एकजीव काळे होतात आणि ब्लोहोलची कड नीट मोजता येत नाही.

करायचं एवढंच. लेन्सवर टोपी, लाइट बंद, एक्स्पोजर कामाचाच. हिस्टोग्राममध्ये डावीकडे एक छोटा ढीग दिसेल. ब्लॅक लेव्हल हळूहळू वाढवा, त्या ढिगाचा डावा पाय शून्यापासून सुटेपर्यंत. ढीग ३ ते ५ च्या आसपास उभा राहिला की थांबा. १२ बिटच्या चित्रात हेच आकडे १६ पट येतात. यापेक्षा वर नेऊन काही मिळत नाही, उलट वरची तेवढी जागा फुकट जाते. रात्रपाळीच्या त्या पोरानं नेमकं हेच केलं होतं, पण तब्बल ६० नं.

एवढं सगळं करून उजेड कमीच पडला, तरच गेनला हात लावा. किती, ते अंदाजानं नको. समजा फेस ५० वर आहे, तुम्हाला १५० वर हवाय आणि ब्लॅक लेव्हल ४ आहे. आधी दोन्हीतून ४ वजा करा. १४६ भागिले ४६, म्हणजे जवळजवळ ३.२ पट, म्हणजे १० डीबी. पाठ करायचे आकडे मोजकेच आहेत. ६ ला दुप्पट, १२ ला चौपट, १८ ला आठपट, २० ला दहापट. काही जुन्या कॅमेऱ्यांत गेन डीबीमध्ये नसतो, नुसता कच्चा आकडा असतो. तिथं काळा वजा केलेला आकडा दुप्पट होईपर्यंत वाढवा, तेवढे ६ डीबी समजा.

मी स्वतः ६ डीबीपर्यंत बिनधास्त जाते. १२ च्या पुढे जायची वेळ आली की मालकाला सांगते, लाइट मोठा घ्या नाहीतर स्ट्रोब लावू. स्ट्रोब म्हणजे कॅमेऱ्यानं ट्रिगर दिला की तेवढ्याच क्षणापुरता जोरात पेटणारा लाइट. लाइटचा खर्च एकदाच होतो, नॉइजमुळे होणारं चुकीचं रिजेक्शन रोज होतं. आणि गेन वाढवत जाताना हिस्टोग्रामला फणीसारखे दात आले, मधे मधे रिकाम्या फटी दिसल्या, तर तिथं डिजिटल गेन सुरू झालाय. तो नुसता गुणाकार असतो, नवीन काही दाखवत नाही. तिथून मागे फिरा.

गेन बदलला की परत टोपी घालून ब्लॅक लेव्हल बघायची. गेनमुळे तो काळा ढीगही रुंद होतो आणि त्याचा पाय परत शून्याला चिकटतो. हे बरेच जण विसरतात.

शेवटी खातरजमा. जॉब न हलवता त्याचे दहा-वीस फोटो घ्या आणि प्रत्येकाचा निकाल बघा. एकच जॉब कधी पास, कधी नापास होत असेल, तर तुमची ७० ची रेषा नॉइजच्या पट्ट्यात अडकलीय. ती फेस आणि भोक यांच्या साधारण मधोमध आणा. तरी जमलं नाही तर उजेडाकडे परत जा.

सगळं जमलं की कॅमेऱ्याच्या युजर सेटमध्ये, म्हणजे तुमचे आकडे साठवायच्या जागेत, सेव्ह करा आणि चालू होताना तोच सेट उचलायला सांगा. ही दुसरी पायरी राहिली, तर लाइट जाऊन आली की कॅमेरा कंपनीच्या मूळ आकड्यांवर उठतो आणि तुमची दिवसभराची मेहनत पाण्यात. उलट त्या मूळ सेटचा एक फायदाही आहे. कितीही बिघडवलंत तरी तो परत बोलावता येतो, त्यामुळे प्रयोग करायला घाबरू नका. "बाहेरचा महागाचा माल हाय, हात लावायचं धाडस न्हाई," असं एका मालकांनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभाची आठवण करून दिली. बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी चित्रपटाचा अख्खा कॅमेरा स्वतः बनवला. आपल्याला फक्त आकडे बदलायचेत.

शिरोलीच्या त्या शॉपमध्ये आता पॅनेलजवळ दोन मास्टर जॉब ठेवलेत, एक चांगला आणि एक अर्ध्या मि.मी.च्या ब्लोहोलचा, त्याला लाल रंग फासलाय. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला दोन्ही कॅमेऱ्याखालून काढायचे. लालवाला पास झाला तर लाइन थांबवायची आणि मला फोन करायच्या आधी काच पुसायची. शेजारी कागद चिकटवलाय: एक्स्पोजर ५००, गेन ३, ब्लॅक लेव्हल ४, फेस १८०, अॅपर्चर एफ ४. सेटिंगच्या पानाला मी पासवर्डही घातला होता. चौथ्या दिवशी गेले, तर पॅनेलच्या दारावर खडूनं पासवर्ड लिहिलेला. मग पासवर्ड काढून टाकला आणि सॉफ्टवेअरमध्ये ब्राइटनेसच्या खटक्याचं नावच बदलून ‘काळ्याचा काटा’ केलं. तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नाही.